तोंडाकडे नको, चेंडूकडे बघ

१९ ऑगस्ट
ग्रेबल कॉलेज, ओरेन, नेब्रास्का

लेलंड,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं. खोडलं. खाडाखोड दिसू नये म्हणून कागद बदलला, आणि आता स्वतःच सांगून बसले. असो. फोन तू उचलत नाहीस, मेसेज तुझ्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणजे तू मला बंद करून टाकलं आहेस. पत्राला तशी सोय नाही. ते निदान हातात घेऊन फाडावं लागतं. तेवढे श्रम मी तुला हंगामभर देणार आहे.

बातमी अशी की तुझ्या खुर्चीवर आता मी बसते. मागे रेललं की ती उजवीकडे कलते. इतकी वर्षं तू तिरका विचार का करायचास, ते पहिल्याच दिवशी कळलं.

तू जूनमध्ये हॅडन व्हॅलीला गेलास हे मला कुणी सांगितलं असेल? पेट्रोल पंपावरच्या डोरीननं. "मार्सेला, अभिनंदन गं! भाऊ मोठ्या कॉलेजात कोच झाला!" मी तुझी सख्खी बहीण, वर तुझी सहायक कोच, तुझ्या पुढच्या रांगेतल्या धटिंगणांना वाकायला शिकवणारी, आणि मला हे पंपावर कळतं. मी तिला म्हटलं, "थँक यू," आणि डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरून घरी आले. गाडी अजून गॅरेजमध्ये आहे.

जाताना दोघे सहायक नेलेस. चांगले खेळाडू नेलेस. ते समजलं. पण पांढरा फळासुद्धा नेलास! हॅडनमध्ये फळे मिळत नाहीत का रे?

डॉ. प्रुइटबाईंनी मला बोलावलं. कॉलेजच्या अध्यक्ष असल्यामुळे त्या वाईट बातमी फार गोड आवाजात देतात. "मार्सेला, या हंगामापुरतं तुम्हीच बघा. विश्वस्तांचं म्हणणं असं की निम्मे सामने जिंकले तर संघ ठेवू. नाही तर फुटबॉल बंद. मैदानावर सोलर पॅनेल छान बसतील."

मी विचारलं, "आणि निम्मे जिंकले तर पॅनेल कुठे?"

त्यांनी बैठकीचे कागद चाळले. म्हणाल्या, "हा प्रश्न बैठकीत कुणी काढलाच नव्हता."

म्हणजे त्यांनी आमची तेराव्याची तयारी करून ठेवली आहे, फक्त आम्ही अजून गेलेलो नाही. मीही जायची नाही. हे मैदान बाबांनी रोलर फिरवून सपाट केलं. तिथे पॅनेल लागायची असतील तर माझ्या अंगावर लावा म्हणावं.

बाबांना तुझं सांगितलं. त्यांनी तोंडातला घास सावकाश संपवला. "मला त्याचं तोंड बघायचं नाही," म्हणाले, आणि मीठ मागितलं.

उरलेल्यांपैकी दोघांची नावं तुला आठवतील. ऑगी स्टेंगर, रांगेच्या मधोमध वाकून दोन पायांतून चेंडू मागे देणारा. तू त्याला नेलं नाहीस, कारण तो मंद आहे असं तुझं मत. तो मंद नाही. तो विचार करून बोलतो, आणि आपल्या घरात तशी सवय कुणालाच नसल्यामुळे तुला ते ओळखू आलं नाही. दुसरा रेमी थिबो, लुइझियानाचा, ज्याला तू दोन वर्षं बाकावर बसवलंस. "आवाज बारीक आहे, रांगेमागून डाव पुकारणाऱ्या क्वार्टरबॅकचा आवाज कसा तोफेसारखा हवा." आता तोच माझा क्वार्टरबॅक आहे. आवाज अजून बारीकच आहे. पण टोचतो.

आणि हो, आपले सगळे इशारे बदलले. तुला ते पाठ आहेत ना. बाबा कोच होते तेव्हापासूनचे रंग आणि आकडे बाद. आता आईची बाग. रेमी रांगेमागे उभा राहून ओरडतो, "कोबी! गाजर! मुळा! मका!" त्या बागेतल्या एकाच शब्दाला ऑगी चेंडू मागे देतो आणि आमची सगळी रांग उसळते. कोणत्या, ते तुला सांगायला मला वेड लागलेलं नाही.

मार्सेला


२३ सप्टेंबर

लेलंड,

पहिले तिन्ही सामने हरलो. तू कुठेतरी वाचलं असशीलच, तरी माझ्याकडूनही वाच. पहिला वाईट हरलो, दुसरा फार वाईट हरलो, आणि तिसरा इतका थोडक्यात हरलो की त्याचाच त्रास सगळ्यात जास्त झाला.

आमची चेष्टा चालू आहे. दुसऱ्या सामन्यात समोरच्यांपैकी एकानं ऑगीला विचारलं, "काय रे, तुमचा संघ आहे की भाजीबाजार?" ऑगीनं बराच विचार केला. तोवर दोन डाव होऊन गेले. तिसऱ्या डावात त्याला आडवा पाडून, वरून वाकून म्हणाला, "बाजार." पोरं अजून हसतायत. हरलेल्या सामन्यानंतर बसमध्ये हसणारी पोरं मी पहिल्यांदाच पाहिली. तुझ्या वेळी आपण हरलो की बसमध्ये श्वासही परवानगी काढून घ्यावा लागायचा.

बाबा रोज सरावाला येतात. गुडघे साथ देत नाहीत, म्हणून घडीची खुर्ची कुंपणाला लावून बसतात. बचाव करणाऱ्या पोरांना अजून तोच एक मंत्र. समोरचा क्वार्टरबॅक काय वाट्टेल ते ओरडेल, चेंडू हलायच्या आधी तुम्ही रेषा ओलांडलीत की दंड, पाच यार्ड गेले. म्हणून, "तोंडाकडे नको, चेंडूकडे बघ!" काल डॉ. प्रुइटबाई कुंपणाशी येऊन त्यांना हवापाण्याचं काहीतरी विचारत होत्या. बाबा त्यांनाही तेच म्हणाले. बाई वळून खरंच चेंडू शोधायला लागल्या.

मंगळवारी बाबांचा वाढदिवस झाला. मी कोलाचे केले, ते गोड पाव, खसखशीचे, आईच्या पद्धतीनं, म्हणजे थोडे करपवून. बाबांनी फोन ताटाशेजारी ठेवला होता. म्हटलं, "जेवताना फोन कशाला?" तर म्हणाले, "वेळ बघायला." मनगटावर घड्याळ होतं, समोर भिंतीवर घड्याळ होतं.

मी त्यांच्या ताटात आणखी एक कोलाचे वाढला. फोन वाजला नाही.

मार्सेला


२१ ऑक्टोबर

लेलंड,

भोपळा फुटला! एकदा फुटला तो फुटतच गेला. लागोपाठ तीन जिंकलो. शेवटच्यात तर रेमीनं इतका लांब चेंडू फेकला की तो खाली येईपर्यंत मी एक अख्खी प्रार्थना म्हटली. प्रार्थना मला निम्मीच येते, म्हणून दोनदा म्हटली.

पंपावरच्या डोरीननं खिडकीत पाटी लावली आहे, 'भाजीवाल्यांना कॉफी फुकट.' ऑगीनं पहिल्याच दिवशी इतकी कॉफी प्यायली की तिनं खाली बारीक अक्षरात 'एकच कप' लिहिलं.

भाज्यांचं रहस्य अजून कुणाला उलगडलेलं नाही. समोरच्यांनी कितीही कान लावले तरी त्यांना सगळी बागच ऐकू येते, आणि त्यातली खरी भाजी कोणती हे ठरवेपर्यंत ऑगी त्यांच्या छातीवर असतो.

तुला आता सांगते. सांगायला काय हरकत आहे? तू वाचत नाहीस. दोन पत्रं गेली, उत्तर नाही, शिवीसुद्धा नाही. हे म्हणजे विहिरीत डोकं घालून बोलणं आहे, आणि विहीर चहाड्या करत नाही.

तो शब्द म्हणजे 'भोपळ्या'.

हो, तोच. जत्रेतल्या फोटोत आईच्या पहिल्या नंबरच्या भोपळ्याशेजारी केशरी स्वेटर घालून बसलेला, आणि कोणता कोण हे परीक्षकांना कळेना असं ती सांगायची, तो. ती एकटीच तुला त्या नावानं हाक मारायची. शाळेत वेस्लीनं एकदा मारली तर त्याचा पुढचा दात पाडून आलास, आणि घरी आल्यावर तिनं "भोपळ्या, काय केलंस हे?" म्हटलं तर तिच्या पोटात तोंड खुपसून रडलास. दात वेस्लीचा गेला होता आणि रडत तू होतास.

पोरांना यातलं काही माहीत नाही. त्यांच्या लेखी ती एक भाजी. मी तो शब्द का घेतला, याचं मला पटेल असं उत्तर मलाही देता येत नाही. तुझ्यावर संताप होताच. वाटलं, हा माणूस आपल्याला सोडून गेला, पण त्याच्या नावावर अकरा पोरं दर वेळी पुढे तर धावतील.

हे हॅडनमध्ये सांगायचं असेल तर खुशाल सांग. त्यासाठी तुला तुझ्या त्या मोठमोठ्या पोरांसमोर उभं राहून तोंडानं 'भोपळ्या' म्हणावं लागेल. तेवढी छाती तुला नाही.

मार्सेला


९ नोव्हेंबर

लेलंड,

एक हरलो, एक जिंकलो, पुन्हा एक हरलो. आता एकच सामना उरला आहे, आणि तो जिंकला तरच निम्मे होतात. आणि तोही तुझ्याविरुद्ध, तुझ्या मैदानावर. वेळापत्रक लावणाऱ्याला नाटकं लिहायची हौस असावी.

डॉ. प्रुइटबाईंना विचारलं, "समजा हरलो, पण थोडक्यात?" त्या म्हणाल्या, "विश्वस्त फार हळवे आहेत हो, मार्सेला. पॅनेलच्या बाबतीत."

पोरं घाबरलेली नाहीत. चिडलेली आहेत. ऑगीच्या बापानं विचारलं, "पुढच्या वर्षी संघ नसला तर दुसऱ्या कॉलेजात जाशील?" ऑगी म्हणाला, "पुढच्या वर्षी संघ असणार आहे." इतकं पटकन बोलला की बापाला वाटलं पोराला ताप आहे.

काल सरावानंतर रेमी आला.

"कोच, शब्द बदलायचा का? तुमचा भाऊ आहे तिकडे."

"त्याला कुठे माहीत आहे?"

"तुम्ही त्याला पत्रं लिहिता. डोरीन सांगत होती, तिकिटं तिच्याकडूनच घेता."

ओरेनमध्ये गुप्तता किती पाळली जाते ते तुला माहीतच आहे. मी त्याला म्हटलं, "बाळा, ज्याला बापाच्या वाढदिवसाला फोन करवत नाही, तो बहिणीची पत्रं कशाला उघडेल? आणि सामन्याच्या तोंडावर शब्द बदलला तर समोरच्यांच्या आधी आपलीच पोरं गोंधळतील." रेमी तरी घुटमळला. "पण वाचत असला तर?"

"वाचत नाही," मी म्हटलं, आणि मला ते इतक्या ठामपणे म्हणावं लागलं याचाच राग आला.

शब्द तोच राहणार. पुढच्या शनिवारी भेटू. तू हात मिळवायला येशील, तसा नियमच आहे. माझा हात गार असेल, ती थंडी समज.

मार्सेला


१७ नोव्हेंबर

प्रिय भोपळ्या,

तर तू वाचतोस.

पहिल्या अर्ध्यात मला कळलं. रेमी ओरडतो "कोबी, मका, भोपळ्या!" आणि ऑगीचा हात चेंडूवरून हलायच्या आत तुझी पोरं सुटलेली. एकदा झालं, वाटलं योगायोग. मग दर वेळी. आमची रांग उभी राहण्याआधीच तुडवली जात होती. ऑगी पाणी प्यायला आला, नाकातून रक्त, आणि त्यानं या वेळी अजिबात विचार केला नाही. "कोच, ते शब्दाला निघतायत. चेंडूकडे कुणी बघतच नाहीये."

मी मैदानापलीकडे पाहिलं. तू हाताची घडी घालून उभा होतास, बाबा उभे राहायचे तसा. खरं सांगू? त्या क्षणी आम्ही हरत होतो, कॉलेजचा फुटबॉल बुडत होता, माझ्या पोराचं नाक फुटलं होतं, आणि मला हसू येत होतं. पत्र उघडलंस. एक नाही, सगळी. आणि मग त्या दांडग्यांना गोळा करून तोंडानं तो शब्द उच्चारलास. तुझा चेहरा तेव्हा कसा झाला असेल ते बघायला मी ती बंद पडलेली गाडी ढकलत ढकलत आले असते.

मध्यंतरात पोरं माझ्यावर धावून आली. "कोच, शब्द बदला!"

"नाही."

"अहो, मरतोय आम्ही तिथे!" रेमीचा आवाज तोफेसारखा झाला होता, तुला आवडला असता.

मी म्हटलं, "आत्ता बदलला तर त्यांना कळेल की आपल्याला कळलंय. त्यांना खाऊ देत. पोटभर खाऊ देत. फक्त एका डावापुरता मला हा शब्द हवा आहे, आणि तो डाव अजून आलेला नाही." मग ऑगीकडे वळले, कारण मार सगळा त्यालाच बसणार होता. "सोसशील?"

त्यानं नाकातला कापूस नीट केला. "कोच, आमच्याकडे वासरांच्या कानाला बिल्ले मारताना गाय मोकळी असते. त्या मानानं ही पोरं बरी आहेत." मग थोडं थांबून, "पण भोपळ्याच का? सारखं हेच का?" तेव्हा मी त्याला सांगितलं. फोटो, स्वेटर, वेस्लीचा दात, सगळं. तो नुसता तुझ्या बाजूला बघत राहिला. तुला जाणवलं का माहीत नाही.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुझ्या बाजूनं. माझ्या बाजूनं ऐक.

आमच्या बचावानं तुमचे हातपाय बांधून ठेवले, कारण ती पोरं बाबांच्या खुर्चीसमोर वाढली आहेत. चार गुणांनी मागे, वेळ संपत आलेली, तुमची गोलरेषा समोर दिसतेय आणि आमची शेवटची संधी. चार यार्ड मिळाले तर पुढचे डाव मिळणार. नाही मिळाले तर चेंडू तुमचा आणि मैदान पॅनेलवाल्यांचं. मी पोरांना जवळ घेतलं.

"हाच तो डाव. रेमी शब्द म्हणेल. कुणी हलायचं नाही. चेंडू सुटणारच नाही."

"आणि ते नाही हलले तर?"

"तर शेवटचा टाइमआउट घेऊ आणि मला काहीतरी सुचेल."

"काय सुचेल?"

"मला सुचलेलं असतं तर आत्ताच नसतं का सांगितलं? जा!"

मला तुमच्या पोरांची भीती नव्हती रे. आमच्यांची होती. ऑगस्टपासून त्यांना त्या एका शब्दावर उसळायला शिकवलं, आणि आता त्याच शब्दाला दगड व्हायचं. पाव्हलोवचा कुत्रा सुद्धा म्हणाला असता, बाई, आता हे जरा जास्त होतंय. रेमी ओरडला. "गाजर! मुळा!" ऑगीची मान भिजलेली. "भोपळ्या!"

आमच्यातलं एक बोटही हललं नाही. आणि तुझी अख्खी रांग, भावा, अख्खी, एखादं दार उघडावं तशी आमच्या अंगावर आली. पंचाची पिवळी चिंधी हवेत. पाच यार्ड. आम्हाला हवे होते चार.

तेव्हा पलीकडून आवाज आला. "तोंडाकडे नको! चेंडूकडे बघा! चेंडूकडे!" मी दचकून स्टँडकडे पाहिलं, वाटलं बाबाच. बाबा आमच्या बाजूला खुर्ची तिरकी लावून बसले होते. तुझ्याकडे पाठ करायची म्हणून त्यांनी ती अशी वळवली होती की त्यांना निम्मं मैदान दिसत नव्हतं. आवाज ऐकला आणि त्यांनी खुर्ची वळवली. हाताखालची पोरं बदलली, स्वेटर बदललास, फळासुद्धा नेलास, पण ओरडलास त्यांच्याच घशानं.

फक्त उशिरा ओरडलास. पुढच्या डावाला मी रेमीला एवढंच म्हटलं, "आता खरंच. त्याच शब्दावर." तो "भोपळ्या" म्हणाला, ऑगीनं चेंडू दिला, आणि तुझी पोरं शपथ घातल्यासारखी जागच्या जागी. आता आपल्याला पुन्हा फसवत आहेत असं वाटून ती चेंडूकडे बघत राहिली, तो चेंडू त्यांच्या शेजारून जात असताना. रेमी धावलासुद्धा नाही. चालत गोलरेषेपलीकडे गेला, सहा गुण, आणि सामना आमचा.

हात मिळवायला आलास तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाहीस. म्हणालास, "पत्रात तू डोरीनचं आडनाव चुकीचं लिहितेस." डोरीनचं आडनाव मी एकाही पत्रात लिहिलेलं नाही. तुला दुसरं काही सुचलं नाही, हे मी समजून घेतलं. तुझा हातही गार होता. मी ती थंडी समजले.

एक अप्रिय बातमी तुझ्या कानावर घालायला हवी. तुमच्या रांगेतल्या एका पोरानं नंतर ऑगीला विचारलं, "ए, हा भोपळ्या म्हणजे आहे तरी कोण?" ऑगीनं विचार केला. मी लांबून पाहत होते, त्याला थांबवू शकले असते. नाही थांबवलं. त्यानं बोट केलं आणि म्हणाला, "तुमचा कोच."

डॉ. प्रुइटबाई सोमवारी विश्वस्तांना भेटणार आहेत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आता पॅनेल कुठे ठेवायची हो?" मी म्हटलं, सभागृहाच्या छतावर ठेवा, तिथे ऊन चांगलं पडतं आणि कुणी खेळत नाही. तात्पुरती होते ती कायमची कोच झाले आहे. खुर्ची तेवढी बदलून मागितली.

येत्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग आहे. टर्की बाबा भाजणार, म्हणजे आपण दुपारी बारा म्हणू आणि जेवू चारला. भोपळ्याची गोड पाई मी करणार, थोडी करपवून. पत्राचं उत्तर लिहू नकोस, ते तुला जमायचं नाही. नुसता ये. फळा आणलास तर बरंच.

बाबांना विचारलं. ते म्हणतात, तुझं तोंड बघायचं नाही यात बदल नाही. हरकत नाही. येताना हातात एक चेंडू घेऊन ये. ते चेंडूकडे बघतील.

तुझी बहीण,
मार्सेला